खैरून हयात आहे

मालवण,
२३ जानेवारी २०२४

खैरूनआपा,

सलाम लिहायला घेतला आणि पेन थांबलं. पस्तीस वर्षं तुला मेलेली समजून मी तुझ्या नावानं फातिहा वाचत आले. त्याच माणसाला आता 'तू कशी आहेस' असं कसं विचारायचं ते मला सुचत नाही.

मी वजीरा, तुझी धाकटी बहीण. तू नर्स होऊन दार-एस-सलामला गेलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते.

काल तुझी लेक माझ्या दारात आली होती. तिनं हे तुला सांगितलेलं नाही, आणि तू तिच्यावर रागावू नयेस म्हणून आधी हेच लिहिते. तुमच्या सरकारनं काही बायकांना इथं खेकडे आणि कालवं पाळणाऱ्या बचतगटांचं काम बघायला पाठवलं आहे, त्यांत ती आहे. दुपारी सगळ्या किल्ला बघायला गेल्या आणि ही एकटी रिक्षा करून आपल्या मोहल्ल्यात आली. नवरा गेल्यापासून मी आईजवळ राहते आणि माडीवरच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. त्यामुळे दारात परक्या देशाची बाई दिसली याचं मला काही वाटलं नाही. रूम शिल्लक नाही, असं मी इंग्रजीत सांगितलं. ती हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हयसर वजीराखाला रवता काय?"

आपा, मी मागं वळून बघितलं. वाटलं, माझ्या मागून दुसरंच कुणीतरी बोललं. तिचं काळं तोंड, डोक्याला गुंडाळलेलं पिवळं कापड, आणि तोंडात आपली मालवणी. तीसुद्धा आताच्या पोरांची नाही, आपल्या लहानपणची.

मी म्हटलं, मीच वजीरा. तर म्हणाली, "मी खैरूनचा चेडू. रेहेमा."

मी तिला म्हटलं, माझी बहीण तिथं तापानं वारली. तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. तिला आधी कळेना मी काय म्हणते ते. मग कळलं आणि ती तिथंच पायरीवर बसली. मीही बसले. दारात दोघी बसलो होतो आणि रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती. तिनं फोन काढून तुझा फोटो दाखवला. केस पांढरे झालेत तुझे. पण हनुवटी वर करून बघायची सवय तीच. मी फोन हातातून खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

आम्हाला काय सांगितलं होतं ते तुला माहीत नाही, हे मला काल कळलं. म्हणून लिहिते. मी बारा वर्षांची होते. बाबांचं जहाज मुंबईला लागलं, आपला महंमदभाई त्यांना आणायला गेला, आणि दोघं घरी आले ते बाबा सांगत आले की खैरून गेली. ताप आला, दोन दिवसांत गेली, तिथंच दफन केली. त्या शुक्रवारी मशिदीच्या माईकवरून खबर दिली आणि मयत समोर नसताना तुझ्या नावाची गायबाना जनाजाची नमाज झाली. सगळा मोहल्ला उभा राहिला. मी आतल्या दाराशी आईचा पदर धरून होते. आई रडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली होती.

रेहेमानं जे सांगितलं ते वेगळं होतं. बाबांचं जहाज दार-एस-सलामला लागलं तेव्हा तू नवी साडी नेसून, नवऱ्याला, जुमाभाईंना घेऊन धक्क्यावर गेली होतीस. लग्नाचं पत्र आधीच पाठवलं होतंस. बाबा शिडीवर अर्ध्यापर्यंत उतरले, जुमाभाईंकडे बघितलं आणि सगळ्या खलाशांसमोर म्हणाले, "माका दोनच पोरां. एक झील आणि एक चेडू." आणि वर चढून गेले. तुला वाटलं घरानं तुला टाकलं. मग तू जुमाभाईंच्या गावाला, दक्षिणेच्या किनाऱ्याला निघून गेलीस आणि परत कधी इकडे बघितलं नाहीस.

हे खरं आहे का आपा? बाबा असं म्हणाले? मी रेहेमाला तीन-तीनदा विचारलं. तिला मालवणी येते ती घरातली, जेवणाची, रागाची आणि समुद्राची. बाकीचं ती इंग्रजीत सांगायची आणि मला अर्धं कळायचं. पण हे वाक्य ती मालवणीतच म्हणाली. तुझ्याकडून ऐकल्याशिवाय तिला ते येणार नाही.

तुझं कामही तिनं सांगितलं. तुमच्या गावासमोरच्या बेटांवर बाळंतपणात अडलेल्या बायका भरतीची वाट बघत मरायच्या, कारण कुणी पुरुष अशा बाईला मासेमारीच्या होडीत घेत नसे, जाळं ओस पडतं म्हणायचे. तू एक मोडकी होडी दुरुस्त करून घेतलीस आणि गावातल्या बायकांना शीड बांधायला, सुकाणू धरायला शिकवलंस. पुरुष हसले. एका रात्रीत तुम्ही दोघींना इस्पितळात पोचवलंत, आणि दोन्ही बायका आणि दोन्ही पोरं जगली, तेव्हा हसायचे थांबले. आता त्या सगळ्या किनाऱ्यावर प्रत्येक बेटाला अशी होडी आहे आणि ती बायकाच चालवतात. आठ मार्चला तुमच्या जिल्ह्याच्या मैदानावर देश घडवणाऱ्या बायकांची नावं वाचणार आहेत आणि त्यांत तुझं आहे. होडीचा फोटो बघितला मी. तिच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, इंग्रजी अक्षरांत 'मालवण' लिहिलंय.

ते अक्षर वाचलं तेव्हा मात्र मला रडू आलं. त्याआधी नाही.

आई घरातच होती. अजून आहे, एक्क्याऐंशी वर्षांची, कान बरे, गुडघे गेलेले. तिनं रेहेमाला पाहुणी समजून आत बोलावलं. बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. रेहेमानं मला डोळ्यांनी विचारलं, सांगू का? मी मान हलवून नको म्हटलं. माझी हिंमतच झाली नाही. आईनं तिला खंयचा म्हणून विचारलं. ती म्हणाली, आफ्रिकेचा. आई म्हणाली, "आमचा मोठा चेडू थंयच गेला. परत इला नाय." आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

रेहेमाच्या लोकांची बस सुटायची होती. ती गेली. हे पत्र मी फोटो काढून तिच्याच फोनवर पाठवते. तू जिवंत असशील तर उत्तर दे.

काय लिहिते मी हे. तू जिवंत आहेस.

वजीरा


मालवण,
४ फेब्रुवारी २०२४

आपा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी आहेत, पण मराठीत आहेत. इतक्या वर्षांनी तुला काने-मात्रे आठवतात. फोन करू नको, आवाज ऐकायची ताकद नाही, पत्रच लिही, असं म्हणतेस. बरं.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. 'मी मेल्यावर तुम्ही किती रडलात?'

मी हा प्रश्न वाचून पडवीत जाऊन बसले. खरं सांगायचं तर मी खूप रडले, आणि मग एक दिवस शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आले आणि रडायची थांबले. बारा वर्षांच्या मुलीचं असंच असतं. बाबा रडलेले मी बघितले नाहीत. लोकांना वाटलं मोठं काळीज आहे माणसाचं. आईचं मी लिहिलंच आहे. पण पुढं किती वर्षं ती तुझं नाव घेत नसे. मला हाक मारताना जीभ अडखळून 'खै' असं निघायचं आणि ती तिथंच थांबायची.

काल मी तळेऱ्याला भाईकडे गेले. त्याची तिथं नाक्यावर टायरची दुकानं आहेत, दोन. मुलगे बघतात, तो गल्ल्यावर बसतो. मी फोन न करता गेले, कारण फोनवर तो सावध झाला असता. मागच्या गोदामात त्याला नेलं आणि तुझा फोटो समोर धरला.

त्यानं कोण म्हणून विचारलं नाही. आपा, मला तिथंच कळलं. एकाच्या खोटेपणाचा धक्का मी पचवत होते, तर तिथं दुसरा उभा होता.

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. एकोणीस वर्षांचा होता. मुंबईच्या धक्क्यावरून एसटी स्टँडला जाताना टॅक्सीत बाबांनी त्याला सगळं सांगितलं, आणि घरी काय सांगायचं तेही सांगितलं. त्यानं मान डोलावली. मी त्याला विचारलं, जुमाभाई मुसलमान, शिकलेला, शाळेत मास्तर. मग काय कमी होतं? तो म्हणाला, लोक काय म्हणाले असते. मी म्हटलं, स्पष्ट बोल. तर म्हणाला, काळा होता म्हणून, आणखी काय.

मी त्याला खूप बोलले. जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "एकदा हो म्हटलंय, मगे ता फिरवूचा कसा ता माका कोणी शिकवल्यान नाय. दर वर्सा फातिहाक बसताना माझे हात जड होत."

पण आईला सांगायचं नाही, असं त्यानं मला बजावलं. ती तिथल्या तिथं जाईल. आणि मोहल्ल्यात तर नाहीच. बाबा जमातीचे अध्यक्ष होते. अख्ख्या गावाला त्यांनी जिवंत मुलीच्या जनाजाला उभं केलं, हे आता बाहेर काढायचं? कबरीतल्या माणसाला उत्तर देता येत नाही, असं तो म्हणाला.

गाडीत बसले तरी माझ्या कानात तेच. ज्याला उत्तर देता येत नाही त्याची काळजी आहे. तुझी नाही.

आज सकाळी तुझ्या दुसऱ्या कागदाचा फोटो आला. तूही तेच म्हणतेस. 'आईला सांगू नकोस. तिनं मला एकदा पुरलं आहे, ते पुरे. मला मेलेलीच राहू दे.'

तुम्ही दोघं भावंडं एकमेकांशी पस्तीस वर्षं बोलला नाहीत आणि तरी एकच बोलता. मी काय करावं मला कळत नाही. आई शेजारच्या खोलीत तांदूळ निवडते आहे.

वजीरा


मालवण,
१० फेब्रुवारी २०२४

आपा,

मी आईला सांगितलं. तुझं ऐकलं नाही, भाईचं ऐकलं नाही.

सांगायच्या आधी शेजारच्या डॉक्टरांना विचारून आले. कारण सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला मोठी बातमी द्यायची असली तर काय काळजी घ्यावी, एवढंच. ते म्हणाले, बसवून सांगा, पाणी जवळ ठेवा. मी पाणी ठेवलं. तिच्या पलंगाशी खाली बसले आणि म्हटलं, आई, तुला एक सांगायचंय, घाबरू नको.

आई म्हणाली, "खैरून जिवंत आसा. ताच मा?"

पाण्याचा तांब्या माझ्या हातानं लवंडला. सगळी चटई भिजली. ती मात्र तशीच बसली होती.

मला वाटलं हिलाही पहिल्यापासून माहीत होतं. त्या एका क्षणात मी तिचाही तिरस्कार केला, खोटं कशाला सांगू. पण तसं नव्हतं. तिला रेहेमा जेवायला बसली तेव्हा कळलं. आई वाढत होती, ती जेवत होती, आणि जेवता जेवता तिनं भाताचा शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवला, मग बोटानं ताट पुसलं आणि तो घास शेवटी खाल्ला. तू तसं करायचीस म्हणे. बाबा त्यावरून तुला ओरडायचे. मला हे आठवतही नाही. आईला आठवत होतं. आणि नंतर मी मान हलवून 'नको' म्हटलं, ते तिनं भांड्यांच्या फळीवरच्या आरशात बघितलं.

मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का राहिलीस? ती म्हणाली, "मी वाट बघी होतंय. माझ्या पोरांतला कोण येवन माका खरा सांगता ता बघूचा होता. एकान तरी सांगल्यान."

मग तिनं सगळं ऐकून घेतलं. धक्का, शिडी, टॅक्सी, भाई, सगळं. होड्यांचं परत परत सांगायला लावलं. बाळंतिणीला होडीत आडवी कशी घेतात, वारा पडला तर काय करतात, असं विचारत होती. मला काय माहीत? बाबांनी तुला खाडीत होडी शिकवली तेव्हा ती बांधावर उभी राहून शिव्या द्यायची, मुलीला खलाशी करतोस काय म्हणून, हे तिनंच सांगितलं. आणि ते सांगून बराच वेळ तोंडावर पदर धरून बसली.

बाबांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तुझ्याबद्दल बोलली, आणि ते लिहायलाच हवं, कारण मला आता कुणाचं काही झाकायचं नाही. ती म्हणाली, "बापसान टाकल्यान, म्हणान आवशीनय टाकल्यान असा तिका कसा वाटला? मी तरी होतंय मा जिवंत? एकदा येवन दार वाजवूचा होता."

याचं उत्तर तू दे. मी देऊ शकत नाही.

संध्याकाळी तिनं मला भाईला फोन लावायला सांगितला. फोन कानाला लावून म्हणाली, उद्या ये, आणि ठेवून दिला.

वजीरा


मालवण,
१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आपा,

आज जे झालं ते आजच लिहिते, अजून माणसं घरात आहेत.

भाई त्या दिवशी आला होता. आईच्या पायाशी बसला. चोपन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि डोकं वर करेना. आई त्याला रागावली नाही. तिनं फक्त सांगितलं की येत्या जुम्म्याला नमाजीनंतर माईकवरून सांग. तो हादरला. आईला म्हणाला, बाबांचं नाव जाईल. चार माणसांत सांगू, हळूहळू पसरेल, माईकवरून कशाला?

तेव्हा आईचा आवाज चढला. माझ्या जन्मात मी तो एवढा चढलेला ऐकला नव्हता. "तुझ्या बापसाचा नाव मी उभ्या जन्मभर सांभाळलंय. थंयचा सरकार माझ्या चेडवाचा नाव माणसांत घेतला, आणि हयसर तिचो जनाजो तसोच रवतलो? माईकार मारल्यात तिका, माईकारच जिवंत कर."

भाई निघून गेला. सांगेल की नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं.

आज नमाज झाली आणि माईक सुरू झाल्याचा खरखर आवाज आला. त्या माईकवरून नमाजीखेरीज काही सांगतात ते बहुतेक कुणाच्या मौतीचं. भात शिजत होता, मी गॅस बंद केला. आई दाराची चौकट धरून उभी राहिली.

भाईचा आवाज ओळखू येत नव्हता. तो मराठीत, ऑफिसात बोलतात तसं बोलला. मर्हूम इब्राहिम सारंग यांची मोठी मुलगी खैरुन्निसा हिचं निधन झाल्याची खबर आम्ही पस्तीस वर्षांपूर्वी या मशिदीत दिली होती. ती खबर खोटी होती. ती खोटी आहे हे मला माहीत होतं. मग म्हणाला, "खैरून हयात आहे. आपण सर्वांनी तिच्यासाठी जी नमाज पढली, तिची मी माफी मागतो." पुढं त्यानं तुझं काम सांगितलं, होड्यांचं, बाळंतिणींचं. कागदावर लिहून नेलं असणार, पण मध्येच वाचता येईना म्हणून तसंच तोंडानं बोलला. जुमाभाईंचं नावही घेतलं. माझे मेहुणे, असं म्हणाला.

नंतर मोहल्ल्यात दुकानांची शटरंसुद्धा कुणी वर करेना. दोन म्हातारे मशिदीतून निघून भाईशी न बोलता गेले. एकानं त्याला तोंडावर विचारलं म्हणे, की आम्हाला खोट्या जनाजाला उभं करून तुझा बाप वर जमातीचा अध्यक्ष म्हणून मिरवला काय.

आणि मग बायका आल्या. पहिली आली ती पलीकडची जैनबखाला, तुझ्याबरोबर शाळेत होती ती. दारातच उभी राहिली. तिला काय बोलावं कळेना. मौतीच्या घरी काय बोलायचं ते सगळ्यांना पाठ असतं, पण असं ऐकून कुणाच्या घरी कधी कुणी गेलेलं नाही. शेवटी तिनं आईचे हात धरले आणि विचारलं, "तिका आमची याद आसा काय गो?" मग आणखी आल्या. आता ओसरीवर जागा नाही. तू झाडावरून पडलेली, तू कुणाच्या तरी लग्नात नाक फुटेपर्यंत भांडलेली, सगळं बाहेर निघतंय. मी चहा ठेवते आणि ऐकते. मी एवढी वर्षं एका गप्प, शहाण्या, मेलेल्या बहिणीच्या नावानं फातिहा वाचत होते. तू तशी कधी नव्हतीसच.

भाई अजून मशिदीच्या पायरीवर बसला आहे असं पोरं सांगतात. आईनं आत्ताच निरोप पाठवला, जेवायला ये म्हणून.

वजीरा


मालवण,
९ मार्च २०२४

आपा,

काल आम्ही तुला बघितलं.

रेहेमानं मैदानातून व्हिडिओ लावला होता. भाईनं त्याच्या दुकानातला मोठा टीव्ही आणून ओसरीवर लावला आणि फोन त्याला जोडून दिला. बायका खाली, पुरुष अंगणात. नेट मध्येच जायचं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटायचा. भाषा तर कुणालाच कळत नव्हती. एकेक नाव वाचत, बाई उठून पुढं जाई. कुणी धरणावर दगड वाहिलेली, कुणी झाडाखाली शाळा काढलेली, असं रेहेमा मध्ये मध्ये आमच्यासाठी पुटपुटत होती. सगळ्या तुझ्याच वयाच्या, उन्हात वाळलेल्या. आईनं मला विचारलं, ह्या सगळ्यांका आजच बोलावल्यानी? इतकी वर्सां खंय होती? मी म्हटलं, होत्या तिथंच होत्या.

मग माईकवरून नाव आलं. 'खैरुन्निसा बिंती रुकय्या, मालवण.'

आईनं माझा दंड धरला. बिंती म्हणजे लेक, हे रेहेमानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिथं बापाचं नाव लावतात, तुला फॉर्मवर तेच विचारलं होतं, आणि तू आईचं दिलंस. आईला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ती टीव्हीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. "माझा नाव थंय कसा गेला?" तिनं विचारलं. ती महंमदची आई होती, सारंगांची बायको होती, माझी आई होती. तिला रुकय्या म्हणणारं आता या गावात कुणी उरलं नाही. आणि ते नाव समुद्रापलीकडे भोंग्यातून गेलं. जैनबखाला रडायला लागली तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण सगळ्याच रडतो आहोत.

तू एकटी पुढं जायला तयार नव्हतीस, तेही बघितलं. होडीवरच्या बायकांना हातानं ओढून घेऊन गेलीस. एक तर लंगडत होती. तुझी साडी बघून आई म्हणाली, नीट नेसली नाही.

कार्यक्रम संपल्यावर रेहेमानं फोन तुझ्या तोंडासमोर धरला. तू आणि आई. इतके दिवस मी मनात ठरवत होते की तुम्ही काय बोलाल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तू हनुवटी वर केलीस, आई पुढं वाकली, तिचं नाक टीव्हीला लागेल इतकी. आणि मग चित्र गेलं. भाईनं खूप खटपट केली, पण परत काही लागलं नाही. लोक हळूहळू घरी गेले.

तुझ्या कालच्या कागदातलं मी आईला वाचून दाखवलं. तू लिहिलंस की दार वाजवायची हिंमत तू दोनदा केली होतीस, एकदा तर मुंबईपर्यंत तिकिटाचे पैसेही जमवले होतेस, पण आईनंच दार उघडून 'कोण तुम्ही' असं विचारलं तर, या भीतीनं मागं फिरलीस. आईनं ते ऐकलं. मग मला पत्र लिहायला बसवलं. ती सांगते, मी लिहिते, एक शब्द बदलत नाही.

"लिही, माका राग इलो आसा. लिही, राग जावचो नाय, तो रवतलो. रमजान दोन दिसांर इलो, ईदेक ये. जुमाक घेवन ये. आधी त्याका जेवूक वाढतलंय, मगे तुका बोलतलंय."